गाडीतली बटणं कुठे गेली, आणि ती परत का येताहेत

रात्रीची वेळ, बाहेर धो धो पाऊस आणि हाताखाली भाड्याने घेतलेली नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी. डॅशबोर्डवर एकही बटण नाही. मधोमध एक भलामोठा चकचकीत पडदा, बस्स. पहिला तासभर मी त्या पडद्यावर फिदा होतो. मग समोरच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली.

माझ्या जुन्या गाडीत अशा वेळी हात आपोआप खाली जातो, नॉब फिरतो, ब्लोअर घुमायला लागतो आणि काच मोकळी होते. इथे हात खाली गेला आणि गुळगुळीत प्लास्टिकवर फिरून रिकामा परत आला. पडद्याच्या तळाशी पंख्याचं बारीकसं चित्र दिसलं. दाबलं. एक पान उघडलं. त्यात बसलेल्या माणसाची आकृती, पायाकडे एक बाण, तोंडाकडे एक, काचेकडे एक. बोट काचेच्या बाणाशी पोचायला आणि चाक खड्ड्यात जायला एकच गाठ पडली. बोट घसरलं, भलतंच काहीतरी दाबलं गेलं. शेजारून आवाज आला, "अहो, समोर बघा!" आणि बायकोनेच पुढे वाकून ते काम उरकलं. भलतंच म्हणजे काय दाबलं होतं, ते दहा मिनिटांनी पाठ शेकायला लागली तेव्हा कळलं. सीट तापवायचं बटण होतं ते. बटण म्हणजे बटणाचं चित्र.

हा अनुभव आला की माणूस आधी स्वतःला दोष देतो. आपण जुन्या वळणाचे, आपल्याला जमत नाही, पोरांना बरोबर जमतं, वगैरे. पण गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या संस्थाही आता हीच तक्रार करू लागल्या आहेत. युरो एनकॅप ही संस्था नव्या गाड्या ठोकून, चालवून, तपासून त्यांना शून्य ते पाच तारे देते. 2026च्या जानेवारीपासून तिच्या नियमांत एक नवी अट आली. इंडिकेटर, चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे हॅझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि मदतीसाठी करायचा एसओएस कॉल या पाच गोष्टींना हाताला लागेल असं खरं बटण किंवा दांडी नसेल, तर गुण कापले जाणार. हा कायदा नाही. तशी गाडी विकायला बंदीही नाही. पण पाच तारे जाहिरातीत मिरवता आले नाहीत तर कंपनीला ते झोंबतं, त्यामुळे अशा अटीचा परिणाम होतो.

ज्या कंपन्यांनी गेली दहा वर्षं हौसेने बटणं काढली, त्यांना ती परत लावायला का सांगावं लागतंय? त्यासाठी आधी बटण नेमकं काय करतं ते पाहू.

बटण तीन गोष्टी सांगतं

साधं बटण आपल्याशी तीनदा बोलतं. बोट लागताच कडा, उंचवटा, खाच जाणवते आणि "मी इथे आहे" हे कळतं. दाबलं की टक् होतं, म्हणजे काम झालं. आणि नॉब असेल तर तो कुठल्या बाजूला वळलेला आहे यावरून सध्याची स्थिती समजते. या तिन्हींत डोळ्यांचा कुठेच संबंध येत नाही. अंधारात घरातल्या दिव्याचं बटण आपण भिंत चाचपून लावतो, ते याच जोरावर.

टचस्क्रीनची काच यातलं काहीच सांगत नाही. बहुतेक पडद्यांत काचेखाली वीज वाहू शकणारा पारदर्शक थर असतो आणि त्याच्यावर विजेचा अगदी सौम्य भार खेळत असतो. बोट टेकलं की त्यातला थोडा भार बोटाकडे ओढला जातो आणि कुठे ओढला गेला यावरून यंत्र जागा ओळखतं. तंत्र खरंच सुंदर आहे. पण ही सगळी माहिती यंत्राला मिळते. बोटाला लागते ती गुळगुळीत काच, इथे जशी तशीच तिथे. शिवाय पाण्यातूनही वीज वाहते, त्यामुळे ओल्या बोटाने पडदा गोंधळतो. जाड हातमोजा घातला असेल तर त्याला बोट आल्याचं कळतच नाही.

आणखी एक फरक आहे, तो सहज लक्षात येत नाही. बटणावर बोट टेकवून ठेवता येतं. आपण आधी चाचपतो, खात्री करतो, मग दाबतो. काचेवर चाचपणं म्हणजेच दाबणं. चुकून लागलं की लागलंच. माझी पाठ त्यामुळेच शेकली.

हात बसणं

स्वयंपाक करणाऱ्यापासून तबला वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी मराठीत एक शब्द आहे, हात बसणं. एकदा हात बसला की त्या कामाला डोळे लागत नाहीत, मनही फारसं लागत नाही. गाडी चालवताना आपण असल्या बसलेल्या हातावर किती विसंबून असतो ते सहसा जाणवत नाही. माझ्या जुन्या गाडीच्या ब्लोअरच्या नॉबवरचे आकडे घासून पार पुसले गेले होते. हे मला कळलं ते गाडी बघायला आलेल्या माणसाने "यावर काही लिहिलेलं नाही का?" असं विचारलं तेव्हा. बारा वर्षं मी त्या नॉबकडे पाहिलंच नव्हतं.

हात बसायचा तर वस्तू जागची हलता कामा नये. तबल्याची शाई रोज वेगळ्या जागी असती तर कोण काय वाजवणार? पडद्यावर नेमकं हेच होतं. नकाशाचं पान उघडं असेल तर पंखा एका जागी, गाण्याचं पान असेल तर दुसऱ्या, आणि मागचा कॅमेरा चालू झाला की तो गायबच. त्यातून रात्रीत सॉफ्टवेअर अपडेट येतो आणि सकाळी सगळ्याची मांडणी बदललेली असते. बसलेला हात पुन्हा उठतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिघाड पडद्यात नाही, कामाच्या वाटणीत आहे. जी कामं हात न बघता करत होता, ती डोळ्यांवर टाकली. आणि गाडीत डोळे आधीच कामात आहेत.

दोन सेकंदांचा हिशेब

ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर खाली गेली तर 55 मीटर अंतर आंधळेपणाने कापलं जातं. म्हणजे चार बस एकामागे एक उभ्या केल्या तरी उरेल इतकं.

दोन सेकंद मी उगाच निवडले नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभर गाड्यांत कॅमेरे आणि मोजणी यंत्रं बसवून लोकांचं रोजचं ड्रायव्हिंग वर्षभर टिपलं. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो, असं त्यातून दिसलं. पुढे 2013 मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्याने गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक नजर दोन सेकंदांच्या आत आणि अख्खं काम मिळून बारा सेकंदांच्या आत संपावं, असं त्यात म्हटलं आहे. सूचना ऐच्छिक आहेत. ऐच्छिक सूचनांचं जे होतं तेच त्यांचं झालं.

आता पडद्यावरच्या एका साध्या कामाचा हिशेब करा. पडद्याकडे बघायचं, बारीक चित्र शोधायचं, रस्त्याकडे बघायचं, परत पडद्याकडे बघून बोट न्यायचं, लागलं का ते पाहायचं, पान उघडेपर्यंत थांबायचं, पुढचं चित्र शोधायचं. यातली एकेक नजर दोन सेकंदांहून कमी असेलही, पण त्यांची माळ संपत नाही. चाळिशी उलटलेल्यांची आणखी एक अडचण असते. दूरच्या रस्त्यावरून हातभर अंतरावरच्या बारीक अक्षरांवर नजर स्थिरावायला त्यांच्या डोळ्यांना जास्त वेळ लागतो. चष्मा लांबचा असेल तर मग बघायलाच नको.

स्वीडनमधली बंद धावपट्टी

हे सगळं प्रत्यक्ष मोजून बघावं असं "वी बिलेगारे" या स्वीडिश मोटार मासिकाला वाटलं. 2022 मध्ये त्यांनी अकरा नव्या गाड्या आणि सोबत 2005 सालची एक जुनी व्होल्वो व्ही70 अशा बारा गाड्या वापरात नसलेल्या विमानतळावर नेल्या. वेग ताशी 110 किलोमीटर. कामं चार. सीट गरम करून तापमान दोन अंशांनी वाढवायचं आणि काचेवरची वाफ घालवायची. रेडिओ लावून ठरलेलं स्टेशन पकडायचं. ट्रिप मीटर शून्यावर आणायचं. शेवटी समोरच्या मीटरचा उजेड कमीत कमी करून मधला पडदा बंद करायचा. चालकांना आधी प्रत्येक गाडी समजून घ्यायला वेळ दिला होता. म्हणजे "सवय नव्हती हो" हे कारणही पुसून टाकलं होतं.

सतरा वर्षं जुन्या व्होल्वोत चारही कामं दहा सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. एमजी मार्व्हल आर या इलेक्ट्रिक गाडीत त्याच चार कामांना 44.6 सेकंद लागले आणि गाडी 1,372 मीटर गेली, जवळपास दीड किलोमीटर. बाकीच्या या दोन टोकांच्या मध्ये कुठे ना कुठे. टेस्ला मॉडेल 3 ला 23.5 सेकंद, बीएमडब्ल्यू आयएक्सला 30.4.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. व्होल्वोचीच सी40 ही नवी इलेक्ट्रिक गाडीही त्या परीक्षेत होती. तिच्यात मोठा पडदा असूनही 13.7 सेकंदांत काम झालं. म्हणजे पडदा असला की घोळ होणारच असं नाही. त्यावर काय ठेवलं, किती खोल पुरलं आणि किती गर्दी केली यावर सगळं ठरतं.

मग कंपन्यांनी हे केलं कशाला?

गाडीत टचस्क्रीन पहिल्यांदा इलेक्ट्रिक गाडीने आणला असा समज आहे, पण तो खरा नाही. 1986च्या ब्युइक रिव्हिएरा या पेट्रोल गाडीत जुन्या टीव्हीसारख्या नळीचा स्पर्शाने चालणारा पडदा होता. लोकांनी तेव्हाही हीच तक्रार केली आणि काही वर्षांत तो काढला गेला. पडद्याचं खरं युग सुरू झालं ते 2012 मध्ये. टेस्लाने मॉडेल एसमध्ये 17 इंची उभा पडदा बसवला आणि बाकीच्या गाड्या एका रात्रीत म्हाताऱ्या दिसायला लागल्या. 2017च्या मॉडेल 3 मध्ये तर स्टिअरिंगमागचं मीटरही गेलं. वेगही मधल्या पडद्यावरच बघायचा.

दिसण्याची हौस हे एक कारण झालं. पण हिशेबवहीतली कारणं जास्त वजनदार आहेत. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, आतला दिवा लागतो, हजारो वेळा दाबून चाचणी घ्यावी लागते, आणि डावीकडून व उजवीकडून चालवायच्या गाड्यांसाठी मांडणी वेगळी करावी लागते. पडदा तर बसवायचाच असतो. अमेरिकेत 2018च्या मे महिन्यापासून प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि कॅमेरा आला की चित्र दाखवायला पडदा आलाच. एकदा पडदा आला की त्यावर आणखी एक बटण काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शिवाय डिझाइन उशिरा ठरवलं तरी चालतं. गाडी विकल्यावरही बदलता येतं.

इलेक्ट्रिक गाड्यांतच हे जास्त का, याचंही कारण आहे. त्या बहुतेक कोऱ्या कागदावर आखल्या गेल्या. जुन्या कंपनीची जुनी बटणं, जुने साचे वापरायची सक्ती नव्हती. त्यांना दाखवायचंही बरंच असतं. चार्ज किती उरला, पुढचं चार्जिंग स्टेशन कुठे, तिथे पोचेपर्यंत बॅटरी किती गरम करायची, हे नकाशाशिवाय समजावता येत नाही. यासाठी मोठा पडदा हवाच, माझी त्याला काही हरकत नाही. पण नकाशासाठी आणलेल्या पाहुण्याला घराच्या सगळ्या किल्ल्या देऊन टाकल्या.

"मोबाइल चालतो, मग हा का नाही?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि तरुणांकडून हमखास येतो. मोबाइल आपण वापरतो तेव्हा तेच आपलं काम असतं. डोळे, मन, अंगठा सगळं तिथेच. गाडीतला पडदा वापरताना मुख्य काम दुसरंच चालू असतं, आणि ते थांबवता येत नाही. चालता चालता टाइप करणारा माणूस खांबाला धडकतो हे आपण रोज बघतो, आणि तो तर ताशी पाच किलोमीटरने चाललेला असतो.

मोबाइल हातात धरलेला असतो, हात आणि तो एकत्र हलतात. गाडीत खांद्यापासून लांब केलेला, कशालाही न टेकलेला हात हलत्या पडद्यावर नेमकं बोट ठेवायचा प्रयत्न करत असतो. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच सूत्रात मांडून दाखवलं होतं.

"आवाजाने सांगा की"

हा उपाय ऐकायला सगळ्यात छान वाटतो. नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर आणि तोंडाने हुकूम. पण नजर रस्त्यावर असणं आणि लक्ष रस्त्यावर असणं यात फरक आहे. यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने 2015 मध्ये याचा अभ्यास केला. आवाजी हुकूम देऊन संपल्यावरही काही गाड्यांत चालकाचं मन पूर्णपणे रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ब्रिटनमध्ये 2020 साली टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर चालकांना बसवून पाहिलं. आयफोन गाडीच्या पडद्यावर आणणारं अ‍ॅपल कारप्ले बोटाने वापरताना अचानक समोर आलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला 57 टक्के जास्त वेळ लागला. आवाजाने वापरताना 36 टक्के. कमी, पण त्याच संस्थेच्या आधीच्या चाचण्यांत कायदेशीर मर्यादेइतकी दारू प्यायलेल्या चालकाचा आकडा 12 टक्के होता.

त्यात मागच्या सीटवर मुलं भांडताहेत, खिडकी उघडी आहे, आपला उच्चार यंत्राला कळत नाही. "काच साफ कर" म्हटलं की ते काचेच्या दुकानाचा रस्ता दाखवतं. पत्ता सांगायला, फोन लावायला आवाज चांगला आहे. समोरचा ट्रक चिखल उडवून गेल्यावर वायपरची विनंती करत बसायला नाही.

"गाडी स्वतःच करेल ना सगळं"

म्हणजे पाऊस आला की वायपर आपोआप, अंधार पडला की दिवे आपोआप. झालं तर उत्तमच. पण "आपोआप" चुकतं तेव्हा लगेच हात घालता आला पाहिजे, आणि ते चुकतं ते नेमक्या अडचणीच्या वेळी. जर्मनीत एका टेस्ला चालकाच्या बाबतीत असंच घडलं. जोराच्या पावसात वायपरचा वेग वाढवायला तो पडद्यावरच्या मेन्यूत गेला आणि गाडी रस्ता सोडून झाडांवर जाऊन आदळली. 2020 मध्ये कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने निकाल दिला की गाडीत कायमचा बसवलेला टचस्क्रीन हेही मोबाइलसारखंच इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. त्याला 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी झाली.

त्या चालकाने पावसात वायपर लावला, आणखी काय केलं? जे काम केल्याशिवाय गाडी चालवणं धोक्याचं, ते करण्याची एकमेव जागा कायद्याच्या दृष्टीने मोबाइलसारखीच. हा पेच चालकाने निर्माण केलेला नव्हता, शिक्षा मात्र त्याला झाली.

पडदाच गेला तर?

बटण बिघडलं तर एक बटण बिघडतं. पडदा गेला की त्याच्याबरोबर सगळं जातं. 2021 मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे 1,35,000 मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण क्षुल्लक होतं, पडद्यामागच्या संगणकातली 8 जीबीची मेमरी चिप. अशा चिपवर लिहून खोडता येतं, पण ठरावीक वेळाच. रबराने एकाच जागी पुन्हापुन्हा खोडलं की कागद विरतो तसं. गाडी सतत नोंदी लिहीत होती आणि पाच-सहा वर्षांत चिप विरत होती. मग पडदा काळा. पडदा गेला की मागचा कॅमेरा गेला आणि काचेवरची वाफ घालवायची सोयही गेली.

जहाजं आणि विमानं हे आधीच शिकली

गाडीवाल्यांनी शेजारच्या आळीत डोकावलं असतं तर बरंच वाचलं असतं. अमेरिकी नौदलाच्या यूएसएस जॉन एस. मॅकेन या युद्धनौकेवर जुने तरफेचे थ्रॉटल काढून टचस्क्रीन बसवले होते. थ्रॉटल म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांचा वेग कमीजास्त करणारं नियंत्रण. 21 ऑगस्ट 2017च्या पहाटे सिंगापूरजवळच्या गजबजलेल्या समुद्रात सुकाण्यावरच्या खलाशाचं काम दोघांत वाटायचं ठरलं. ते पडद्यावर करताना गोंधळ झाला. सुकाणूही शेजारच्या खलाशाच्या पडद्यावर गेलं आणि सुकाणूच निकामी झालं असं सगळ्यांना वाटलं. दोन पंख्यांचे थ्रॉटल पडद्यावर एकमेकांना जोडलेले नव्हते, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. वेग कमी करायला गेले तो एकाच बाजूचा कमी झाला. जहाज डावीकडे वळलं आणि अल्निक एमसी या तेलवाहू जहाजाच्या पुढ्यात गेलं. दहा खलाशी मेले. जुन्या दोन तरफा असत्या तर एक मागे आणि एक पुढे आहे हे अंधारातही हाताला कळलं असतं. 2019 मध्ये नौदलाने या प्रकारच्या जहाजांवर हाताने ओढायचे थ्रॉटल परत बसवायचा निर्णय घेतला.

विमानांची गोष्ट तर त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बर सुखरूप उतरायचे आणि धावपट्टीवरच पोटावर बसायचे. वैमानिक उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटायला जायचा आणि चाकंच मिटायचा. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि अगदी सारख्या आहेत. त्यांनी चाकांच्या कळीला छोटं रबरी चाक लावलं आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. वैमानिक थकलेला असो, अंधार असो, हाताला फरक कळायला लागला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांडीचं टोक चाकाच्या आकाराचं असतं, तसा नियमच आहे. नव्या विमानांच्या कॉकपिटमध्येही टचस्क्रीन येताहेत, पण ती दांडी कुणी पडद्यावर नेली नाही.

परतीची वाट

फोक्सवॅगनने 2020च्या आयडी.3 मध्ये आवाज आणि तापमानासाठी पडद्याखाली बोट सरकवायच्या पट्ट्या दिल्या. त्यांना आतून दिवाच नव्हता. रात्री त्या कुठे आहेत ते दिसायचं नाही, आणि हाताला तर लागायच्याच नाहीत! लोक इतके वैतागले की 2025 मध्ये कंपनीचे डिझाइनप्रमुख आंद्रेयास मिंट यांनी आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझार्ड यांना यापुढे खरी बटणं असतील असं जाहीर केलं. गाडी म्हणजे फोन नव्हे, असंही ते म्हणाले. टेस्लाने 2023च्या मॉडेल 3 मधून इंडिकेटरची दांडी काढून स्टिअरिंगवर दोन बटणं दिली होती. चौकातल्या गोल चकरीत अर्ध स्टिअरिंग वळलेलं असताना डावं बटण नेमकं कुठे जातं, हे ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक. 2025च्या नव्या मॉडेल वायमध्ये दांडी कायम आहे.

बटणं आली म्हणजे सुख आलं असं मात्र नाही. पन्नास सारखी बटणं डॅशबोर्डवर ओळीने मांडलेल्या गाड्याही आपण पाहिल्या आहेत, त्यात शोधाशोध कमी नव्हती. बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये आयड्राइव्ह आणलं तेव्हा फिरवायचा नॉब भरभक्कम होता, पण त्याच्यामागे मेन्यूंचं जंगल होतं. लोक त्यालाही कंटाळले. जे चालत्या गाडीत, घाईत, न बघता करावं लागतं, ते हाताला द्या. बाकीचं, म्हणजे गाणी निवडणं, चार्जिंगची वेळ लावणं, आतल्या दिव्यांचा रंग बदलणं, हे खुशाल पडद्यावर असू द्या. यादी काढली तर हाताची कामं दहा-बाराच्या वर जात नाहीत.

अशी गाडी घरात असेल किंवा घ्यायची असेल तर

घरात असेल तर एक दिवस गाडी उभी करून अर्धा तास सेटिंगमध्ये घालवा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवरच्या एखाद्या बटणाला आपल्याला हवं ते काम नेमून देता येतं. वायपर किंवा पंखा तिथे आणा. पडद्याच्या तळाच्या पट्टीत आवडती चित्रं कायमची बसवता येत असतील तर काचेवरची वाफ घालवणारं चित्र अगदी कोपऱ्यात ठेवा. कोपरा हाताला सापडतो, तिथे पडद्याची कड लागते. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्यालाच सांगा. अपडेट आला की निघायच्या आधी एकदा सगळं जागेवर आहे का ते बघा.

घ्यायची असेल तर शोरूममध्ये नुसते डोळे मिटून बसा आणि काचेवरची वाफ घालवून बघा. जमणार नाही. मग विक्रेत्याला सांगा, तुम्ही करून दाखवा, पण समोरच्या भिंतीवरून नजर हटवायची नाही. मनातल्या मनात सेकंद मोजा आणि प्रत्येक सेकंदाला 28 मीटर धरा. हा माणूस रोज त्याच गाडीत बसतो, हेही हिशेबात घ्या.